ऑनर सोसायटीचा मान आणि समाजाचे ऋण

दरवर्षी एप्रिल महिन्यात परमपूज्य बाबासाहेबांची जयंती आपण भाड्याच्या सभागृहात साजरी करतो. बुद्धवंदना होते, पाहुण्यांचे भाषण होते आणि भोजनापूर्वी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो. सत्काराची यादी वाचण्याचे काम गेली काही वर्षे आमच्याकडे आहे. पूर्वी या यादीत मुलाचे नाव, इयत्ता आणि फार तर एखाद्या स्पर्धेतील पारितोषिक एवढाच मजकूर असे. अलीकडे हायस्कुलातील जवळजवळ प्रत्येक नावापुढे एकच वाक्य येते: नॅशनल ऑनर सोसायटीचा सभासद. टाळ्या पडतात, आईवडिलांचे डोळे ओलावतात, आणि ते ओलवावेतच. ज्यांच्या आजोबांना गावच्या शाळेत दाराबाहेर बसावे लागले, त्यांच्या नातीच्या गळ्यात अमेरिकेतील शाळा सोनेरी पट्टा घालते, ही लहान गोष्ट नव्हे. या आनंदाला नाक मुरडण्यासाठी आम्ही लेखणी हाती घेतलेली नाही.

परंतु मागील जयंतीला यादी वाचून झाल्यावर आम्ही काही कामासाठी वाहनतळावर गेलो, तेव्हा एक मुलगी वडिलांच्या गाडीत मागच्या आसनावर एकटीच बसलेली दिसली. अकरावीची मुलगी. तीन वर्षे आपल्या रविवारच्या धम्मवर्गात लहान मुलांना शिकविणारी, प्रत्येक जयंतीला पंचशील म्हणण्यासाठी सर्वांत पुढे उभी राहणारी. त्या दिवशी ती सभागृहात आलीच नव्हती. तिच्या शाळेच्या ऑनर सोसायटीने तिची निवड केली नव्हती आणि यादीत तिचे नाव नव्हते. तिला वाटत होते की आत गेल्यावर प्रत्येक काकू तेच विचारील. तिच्या आणि तिच्या वडिलांच्या संमतीने हे लिहीत आहोत. नाव अर्थातच देत नाही.

या प्रसंगाने आम्हाला अस्वस्थ केले. त्या अस्वस्थतेतून जे मनात आले ते समाजबांधवांपुढे स्पष्टपणे मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. काही जणांना ते कटू वाटेल.

प्रथम या संस्थेविषयी. नॅशनल ऑनर सोसायटीची स्थापना १९२१ साली माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेने केली. तिच्या मागे प्रेरणा होती ती पिट्सबर्ग येथील एक मुख्याध्यापक एडवर्ड रायनिअरसन यांची. महाविद्यालयांत फाय बीटा कॅपासारख्या मानाच्या संस्था १७७६ पासून होत्या; तसाच मान हायस्कुलातील मुलांनाही मिळावा असा हेतू होता. विद्वत्ता, सेवा, नेतृत्व आणि चारित्र्य हे तिचे चार आधारस्तंभ. गुणांची किमान मर्यादा शंभरात ८५, किंवा चारपैकी ३.०, शाखा ती आपल्यापुरती वाढवू शकते आणि अनेक शाळा वाढवितात. पण गुण केवळ फाटक उघडतात. पुढे मुख्याध्यापकांनी नेमलेली शिक्षकांची समिती मुलाने भरून दिलेला माहितीचा फॉर्म पाहते आणि उरलेल्या तीन स्तंभांवर बहुमताने निर्णय देते. सभासदत्व मागून मिळत नाही, निवडीने मिळते. प्रवेशाच्या सोहळ्यात मेणबत्त्या पेटवितात, मुले शपथ घेतात, नोंदवहीत सह्या करतात. हा सोहळा आम्ही स्वतः पाहिलेला आहे आणि तो गंभीर व सुंदर असतो, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

एक गोष्ट मात्र त्या सोहळ्यातही आम्हाला खटकली. अनेक शाखांच्या पत्रकांवर ‘नोब्लेस ओब्लीज’ हे फ्रेंच बोधवाक्य छापलेले असते. अर्थ असा की, कुलीनत्व आले की कर्तव्य आले. कर्तव्याविषयी आमची तक्रार नाही. पण ज्यांना हजारो वर्षे कुळावरून गावकुसाबाहेर ठेवले गेले, त्यांच्या मुलांनी कर्तव्याची शिकवण कुलीनांच्या औदार्यातून घ्यावी काय? आपल्याकडे कर्तव्य कुलीनत्वातून येत नाही, ऋणातून येते. कोणीतरी आपल्यासाठी सोसले म्हणून आपण येथवर आलो, ही जाणीव निराळी. आणि आपण वरचे आहोत म्हणून खालच्यांना थोडे देऊ, ही भावना निराळी.

आता मूळ मुद्दा. आमचा रोख या संस्थेवर फारसा नाहीच, तो आपल्यावर आहे. चार स्तंभांपैकी तीन आपण आपल्या घरातच पोखरून टाकले आहेत.

सेवेचे घ्या. शाखेगणिक सेवेच्या तासांची अट असते. सेवा विनामूल्य आणि स्वेच्छेने केलेली असावी ही अपेक्षा. आपल्या घरांत आठवीपासूनच या तासांचा हिशेब सुरू होतो. अन्नछत्रात दोन तास, वाचनालयात दीड तास, उद्यानातील कचरा वेचण्याचा एक तास. आणि फॉर्मवरील रकाना भरला की सेवाही संपली. कॉलेजचा अर्ज रवाना झाला की ते अन्नछत्र कोणत्या रस्त्यावर होते हेही मूल विसरते. दोष मुलाचा नाही. आपणच त्याला शिकविले की सेवा हे एक चलन आहे आणि ते कॉलेजच्या खिडकीवर वटवायचे असते.

येथे आम्हाला स्वतःविषयी एक कबुली दिली पाहिजे. आम्ही व्यवसायाने डॉक्टर आहोत, त्यामुळे तासांच्या तक्त्यावर सही घेण्यासाठी परिचितांची मुले आमच्याकडे येतात. काही वर्षांपूर्वी एक मुलगा उन्हाळ्यात आमच्या दवाखान्यात येऊन बसत असे. चार-पाच दिवस आला. मागच्या खोलीत आपला गृहपाठ करी. एकदा त्याने खोकी उचलून ठेवली असतील. शेवटी त्याच्या वडिलांनी चाळीस तासांचा तक्ता पुढे केला. वडील आमचे जुने स्नेही, चळवळीतले. आम्ही सही केली. रुग्णाला खोटे प्रमाणपत्र देणे हा गुन्हा आहे, हे ज्याला पहिल्या वर्षापासून शिकविले गेले त्याने, दर पौर्णिमेला चौथे शील उच्चारणाऱ्याने, डोळे उघडे ठेवून सही केली. त्या मुलाची निवड झाली. सत्काराच्या यादीत त्याचे नाव आम्हीच वाचले.

आणि त्या गाडीत बसलेल्या मुलीचे काय झाले होते? तिचे गुण मर्यादेच्या बरेच वर होते. तिने फॉर्ममध्ये प्रथम लिहिले होते की, आंबेडकरी बौद्ध मुलांच्या रविवारच्या वर्गात ती तीन वर्षे मराठी वाचन, गणित आणि बाबासाहेबांचे चरित्र शिकविते, आणि तो वर्ग तिने व तिच्या मैत्रिणीने मिळून सुरू केला आहे. सेवा आणि नेतृत्व या दोन्ही स्तंभांचा एवढा सरळ पुरावा फार थोड्या फॉर्मवर असेल. वडिलांनी ती ओळ वाचली आणि खोडायला सांगितली. त्यांचे म्हणणे, “शाळेत आपले लोक पुष्कळ आहेत. कोणाच्या दृष्टीस पडले तर उद्या सगळ्यांना कळेल.” मुलीने ओळ खोडली. त्या जागी दुसरे काही लिहिण्यासारखे तिच्याकडे नव्हते, कारण तिचे रविवार त्या वर्गातच गेले होते. तिला कळविण्यात आले की नेतृत्वाचा पुरावा अपुरा आहे. ती आम्हाला म्हणाली, “काका, मी फॉर्ममध्ये काही खोटं लिहिलं नव्हतं. बाबांनी जेवढं खोडायला सांगितलं तेवढंच खोडलं.”

ती ओळ राहिली असती तर निवड झालीच असती, असे आम्ही म्हणत नाही. समितीच्या मनात काय होते ते समितीला ठाऊक. पण हे दोन फॉर्म एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत. एकावर न केलेली सेवा आमच्या सहीने उभी राहिली. दुसऱ्यावर केलेली सेवा आपल्याच भीतीने पुसली गेली.

‘आपले लोक’ हा शब्दप्रयोगही पाहावा. परदेशात ज्यांना आपण आपले लोक म्हणतो, त्यांच्याच नजरेची ही धास्ती आहे. ती निराधार आहे असे म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाही. आडनावावरून गावाकडे आणि गावावरून वस्तीकडे नेणारे प्रश्न आम्हीही पोटलकच्या टेबलावर ऐकलेले आहेत. पण काळ काही जागीच थांबलेला नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत सिएटलच्या नगर परिषदेने जातीवरून होणाऱ्या भेदभावास कायद्याने बंदी केली. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तशाच आशयाचे विधेयक संमत केले. ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरांनी त्यावर सही नाकारली हे खरे, पण विधेयकाच्या बाजूने आपल्या बांधवांनी उघडपणे उभे राहून साक्षी दिल्या हेही तितकेच खरे. त्याच ऑक्टोबरच्या १४ तारखेला मेरीलँडमधील ऍकोकीक येथे बाबासाहेबांच्या भव्य पुतळ्याचे अनावरण झाले. आपण सहकुटुंब गेलो, पुतळ्याखाली छायाचित्रे काढली. ती छायाचित्रे आपण कोणाकोणाला दाखविली आणि कोणाकोणापासून लपविली, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. पुतळ्याच्या पायाशी उभे राहायचे आणि लेकीच्या फॉर्मवरचे त्यांचे नाव खोडायचे, हा कोणता आंबेडकरवाद?

चारित्र्याचा स्तंभ सर्वांत अवघड. विद्वत्तेला गुण आहेत, सेवेला तास आहेत. चारित्र्याला माप नाही. ते पाहणाऱ्याच्या डोळ्यात असते आणि म्हणून तेथेच अन्यायाला वाट मिळते. १९९८ साली केंटकी राज्यातील ग्रँट कौंटीत दोन मुलींना उत्तम गुण असूनही या संस्थेत घेण्यात आले नाही; एक माता झालेली होती आणि दुसरी गरोदर होती. मुलग्यांच्या खासगी आयुष्याची अशी झडती कोणी घेतली नव्हती. मुली न्यायालयात गेल्या आणि फेडरल न्यायालयाने त्यांना प्रवेश देण्याचा आदेश दिला. आणखी मागे जाऊ. ज्या दशकात ही संस्था स्थापन झाली त्याच दशकात हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांना आपल्या विद्यापीठातील ज्यूंची संख्या डोळ्यांत खुपू लागली होती. १९२२ साली त्यांनी उघड मर्यादा घालण्याचा विचार मांडला. तो टीकेमुळे फसला. मग १९२६ च्या सुमारास प्रवेशासाठी गुणांबरोबर ‘चारित्र्य आणि व्यक्तिमत्त्व’ पाहण्याची पद्धत आली आणि ज्यू विद्यार्थ्यांची संख्या आपोआप घटली. ऑनर सोसायटी त्या हेतूने निघाली असे आम्ही सुचवीत नाही. तसा पुरावा नाही. पण ‘चारित्र्य’ हा शब्द बंद दाराआड उच्चारला जातो तेव्हा काय घडू शकते, ते आपल्याला कोणी शिकविण्याची गरज नसावी. शुद्धाशुद्धतेचा निवाडा देणारी समिती आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहे.

म्हणून त्या मुलीला ‘तुझ्यातच काही कमी असेल’ असे म्हणणाऱ्या काकूंना आमचे नम्र निवेदन आहे की, निवड न होणे म्हणजे अवगुण सिद्ध होणे नव्हे.

आणि गुणांचे म्हणाल तर एक आकडा लक्षात ठेवावा. भीमराव रामजी आंबेडकर हे एल्फिन्स्टन हायस्कुलातून १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. शंभरात ३८ देखील नव्हेत. त्या काळची परीक्षा आणि आजची परीक्षा यांची तुलना होत नाही, हे आम्हाला समजते. कोणा आळशी मुलाने हा आकडा वडिलांच्या तोंडावर फेकू नये. पण ज्याला साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागले, शिपायाने वरून ओतल्याशिवाय ज्याला पाणी मिळाले नाही, संस्कृत शिकू न दिल्यामुळे ज्याला फारसी घ्यावी लागली, त्या मुलाची विद्वत्ता शंभरात ८५ च्या फाटकाशी मोजली असती तर फाटक उघडले नसते, एवढे तरी आपण जाणावे. त्या यशाचा मान कोणी केला? कोणत्याही शिक्षक समितीने नव्हे. सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत एक सभा भरली आणि कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले भगवान बुद्धाचे चरित्र त्या मुलाच्या हाती ठेवले. चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसणारा हा मुलगा गुरुजींनी हेरला होता. पुढे सयाजीराव महाराजांपुढे त्याला नेऊन शिक्षणाला साहाय्य मिळवून देण्यातही गुरुजींचाच हात होता. गळ्यात पट्टा नाही, कपड्यावर बिल्ला नाही. एक पुस्तक दिले, आणि त्याचा शेवट १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर कसा झाला ते जगाने पाहिले.

प्रमाणपत्राने माणसाचे मोल दुसऱ्याच्या नजरेत वाढतेच, हा भ्रमही बाबासाहेबांच्या चरित्रानेच दूर केला आहे. कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ शिकून, सेलिग्मन आणि ड्यूईसारख्या गुरूंच्या हाताखाली तयार होऊन ते १९१७ साली बडोद्याला नोकरीवर गेले. राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नावाने राहावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने तेथूनही बाहेर काढले. नाव लपविणे किती दिवस पुरते, हेही त्या प्रसंगात आहे.

यावर कोणी म्हणेल, डॉक्टरसाहेब, मग मुलांनी या संस्थेत जाऊच नये काय? अवश्य जावे. दार उघडे असताना बाहेर उभे राहण्याचा उपदेश बाबासाहेबांनी केलेला नाही. आमचा प्रश्न आत गेल्यानंतरचा आहे.

डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांचे नाव आपल्या वाचकांना परिचित आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे सादर होणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या निवेदनाविषयी विचारले होते आणि ड्यू बॉइस यांनी आस्थेने उत्तर दिले होते. याच ड्यू बॉइस यांनी १९०३ साली असा विचार मांडला की, कृष्णवर्णीय समाजातील बुद्धिमान एकदशांश लोकांना उच्च शिक्षण द्यावे. ते उरलेल्या समाजाला वर काढतील. पंचेचाळीस वर्षांनी, १९४८ साली, ओहायोतील विल्बरफोर्स येथे कृष्णवर्णीय पदवीधरांच्या एका मानाच्या संघटनेपुढेच उभे राहून त्यांनी आपली चूक कबूल केली. शिकलेला माणूस समाजासाठी त्याग करीलच असे आपण गृहीत धरले, पण शिक्षणातून स्वार्थी माणसेही निपजतात, असा त्यांच्या कबुलीचा आशय होता. मानकऱ्यांच्याच सभेत मानकऱ्यांना हे ऐकविण्याचे धैर्य पाहा. त्यानंतर आठ वर्षांनी, १८ मार्च १९५६ रोजी, आग्र्याच्या मैदानावर बाबासाहेबांनी डबडबल्या डोळ्यांनी तेच दुःख सांगितले. शिकलेल्यांनी दगा दिला, आपापले पोट भरले, हे ते दुःख. एकमेकांशी पत्रव्यवहार केलेल्या या दोन महापुरुषांनी, दोन खंडांत, आपल्या आयुष्याच्या उत्तरार्धात, एकच तक्रार केली. ती तक्रार आमच्याविषयी आहे. आमच्या पिढीतील डॉक्टर, इंजिनियर, संगणकतज्ज्ञ यांच्याविषयी आहे; आणि आता ती आमच्या मुलांविषयीही खरी ठरू पाहत आहे.

१९९० साली आम्ही महाराष्ट्रातील एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होतो. ऑगस्टमध्ये पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंग यांनी मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करण्याची घोषणा केली आणि वसतिगृहाच्या भिंतींवर ‘गुणवत्ता’ हा शब्द रातोरात उगवला. सवलत होती इतर मागासवर्गीयांसाठी, पण टोमणे आले ते आम्हाला. भोजनगृहात ताट घेऊन बसलो की शेजारचा विषय काढी: पुलाचा इंजिनियर आणि शस्त्रक्रियेचा डॉक्टर गुणवत्तेवर घ्यावा की जातीवर? आमच्या जाती गळ्यात लटकविल्यासारख्या सर्वांना ठाऊक होत्या. तो शब्द अजूनही कानावर पडला की आम्हाला त्या भोजनगृहातील कढीचा वास येतो.

आणि २०२३ च्या २९ जूनला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धत रद्द ठरविली, तेव्हा आपल्यातील काही घरांत पेढे वाटण्याचेच काय ते बाकी राहिले होते. आता आपल्या मुलांच्या गुणवत्तेला न्याय मिळेल! हे वाक्य आम्ही आपल्याच बैठकीत, आपल्याच माणसाच्या तोंडून ऐकले. हार्वर्डमध्ये आशियाई मुलांना व्यक्तिमत्त्वाचे गुण कमी मिळत होते हे त्या खटल्यात पुढे आले आणि त्याचा राग आम्हालाही आहे. बंद दारामागील त्या निवाड्याविषयी वर लिहिलेच आहे. पण त्या रागापोटी कृष्णवर्णीयांची शिडी काढून घेतल्याचा आनंद मानायचा? हा देश आपल्यासाठी उघडला तो १९६५ च्या स्थलांतर कायद्याने, आणि तो कायदा होण्याचे वातावरण कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्याने निर्माण केले. त्यांनी लाठ्या खाल्ल्या, कुत्री अंगावर घेतली. आपण विमानातून उतरलो.

म्हणून सोनेरी पट्टा घातलेल्या आपल्या मुलांना आमचे सांगणे आहे: सोहळ्याच्या रात्री व्यासपीठावरून आपल्या शाखेकडे एकदा नीट पाहा. तुमच्या शाळेत कृष्णवर्णीय मुले किती आहेत आणि त्या रांगेत किती आहेत? स्पॅनिश बोलणारी, शाळा सुटल्यावर हॉटेलात भांडी घासणारी, धाकट्या भावंडांना सांभाळणारी मुले किती? त्यांचे तास कोणत्या तक्त्यात लिहिले जातात? विनामूल्य आणि स्वेच्छेने सेवा करायला वेळ लागतो, आणि वेळ हीदेखील मालमत्ता आहे. ज्याला घर चालवावे लागते त्याची सेवा या फॉर्ममध्ये मावत नाही. तो फॉर्म ज्यांना मावतो त्यांनी, बाहेर राहिलेल्याला गणित शिकविण्यापासून सुरुवात करावी. अनेक शाखा असे शिकवणीवर्ग चालवितातच. त्यांत आपले मूल केवळ सहीपुरते जाते की परीक्षा होईपर्यंत त्या एका मुलाबरोबर राहते, एवढाच प्रश्न आहे. भारतातील एखाद्या वसतिगृहाला पुस्तके पाठविणे, आपल्या धम्मवर्गात नियमाने येणे, हेही त्यातच आले. आपल्या वर्गाला सध्या शिकविणारे मिळत नाहीत. ज्या संघटनेच्या यादीत एवढे ऑनर सोसायटीचे सभासद, त्या संघटनेचा रविवारचा वर्ग दोन मुलींवर चालतो!

पालकांनी करण्याच्याही काही गोष्टी आहेत. शाळेच्या शाखेने आपली निवडपद्धती प्रसिद्ध केलेली असली पाहिजे, असा या संस्थेच्या घटनेचाच दंडक आहे. ती मागून घ्यावी आणि वाचावी. निवड झाली नाही तर सभ्यपणे कारण विचारावे, मुख्याध्यापकांकडे दाद मागता येते का ते पाहावे. राष्ट्रीय कार्यालय शाळेचा निवाडा बदलत नाही, तेव्हा तेथे पत्रांचा मारा करून उपयोग नाही. वर्गात केवळ धर्मशिक्षण असेल तर काही शाळा ते सेवेत धरणार नाहीत. वाद न घालता गणित आणि वाचन किती तास ते वेगळे दाखवावे. पैसे भरा आणि मानकरी व्हा, अशी सोनेरी शिक्क्यांची पत्रे निरनिराळ्या नावांनी घरी येतात, त्यांच्या नादी लागू नये. आणि सत्काराच्या यादीतून हे वाक्य काढून टाकावे, असा प्रस्ताव आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवणार आहोत. त्याऐवजी प्रत्येक मुलाने वर्षभरात कोणासाठी काय केले ते त्याच्याच तोंडून दोन मिनिटे ऐकू. प्रत्येकाच्या हाती एक पुस्तक ठेवू. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी सभेत येऊन विरोध करावा; आम्ही ऐकून घेऊ.

आमच्या सहीविषयी उरलेले सांगतो. त्या मुलाचा फॉर्म केव्हाच निकालात निघाला, आता तो कॉलेजात आहे. आम्ही त्याच्याशी आणि त्याच्या वडिलांशी बोललो. वडील रागावले, अजून फोन उचलत नाहीत. मुलगा मात्र सुटीत आला तेव्हा न सांगता रविवारच्या वर्गावर येऊन बसला. किती दिवस येईल ते पाहू.

त्या मुलीचे म्हणाल तर ती आता बारावीत आहे आणि बारावीतही निवड होऊ शकते. ही स्मरणिका वाचकांच्या हाती पडेल त्या सुमारास फॉर्म पुन्हा येणार आहे. या वेळी ती ओळ तिने परत लिहिली आहे, बाबासाहेबांच्या पूर्ण नावासह. वडिलांना ती दोन दिवस वाचायलाच दिली नव्हती. तिसऱ्या दिवशी त्यांनी ती वाचली आणि एका शब्दाचे स्पेलिंग सुधारून परत दिली. तासांच्या तक्त्यावर सहीसाठी ती आमच्याकडे आली तेव्हा आम्ही वर्गाची हजेरीवही मागवून घेतली. तीन वर्षांत वर्ग भरले ५७. त्यांपैकी ती हजर होती ५१ वर्गांना. प्रत्येक वर्ग दोन तासांचा. १०२ तास लिहून आम्ही सही केली आहे.